खोका कुणाचा?

आधुनिकोत्तर साहित्यविचार शिकवताना पॉप आर्टचा उल्लेख येतोच, आणि तो आला की वर्गातून एक प्रश्न हमखास उमटतो : ही जाहिरातीची थट्टा आहे की भलामण? प्रश्न रास्त आहे. मराठी समीक्षेच्या संस्कारात 'बाजारू' हा शब्द दूषण म्हणूनच रुजलेला. त्यामुळे बाजारातली वस्तू कलाकृतीत आलीच, तर ती उपहासापुरती आली असणार, असे आपल्याकडे सहज धरून चालतात.

अँडी वॉरहॉलच्या चित्रांपुढे हे गृहीतक टिकत नाही. १९६२ साली लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत त्याने कॅम्पबेल सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मांडली. त्या काळी या सूपचे प्रकारही ३२. प्रत्येकाला एक चित्र. किराणा दुकानातल्या मालासारखी ती अरुंद फळीवर ओळीने लावलेली होती. शेजारच्या एका गॅलरीने टवाळीखातर खरेखुरे डबे रचून स्वस्तात विकायला काढले. ही टवाळी चित्रांना लागू पडली नाही, कारण दुकान आणि दालन यांतले अंतर त्या चित्रांनी आधीच पुसले होते. डब्यावरचे नाव तेवढे बदलते, बाकी सारे तेच. निवडीचे आश्वासन आणि वस्तूंचा एकसारखेपणा एकाच भिंतीवर शेजारी येतात. भाष्य कुठेच नाही. हा खेळ आतल्या माणसाचा आहे. वॉरहॉलने १९५०च्या दशकात बुटांच्या जाहिराती रेखाटल्या होत्या. जेम्स रोझेनक्विस्ट न्यूयॉर्कमध्ये जाहिरातींचे प्रचंड फलक रंगवीत असे.

१९६४ साली न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत वॉरहॉलने 'ब्रिलो' या भांड्यांच्या घासणीचे खोके प्लायवूडमध्ये हुबेहूब उभे केले. दिसायला सारख्याच दोन वस्तूंपैकी एक कला का ठरते, या प्रश्नाचा वेध आर्थर डान्टो या तत्त्वज्ञाने त्याच वर्षी 'द आर्टवर्ल्ड' या निबंधात घेतला. विद्यार्थ्यांना हा प्रश्न आवडतो. आम्हांला मात्र त्यामागे राहून गेलेला माणूस अस्वस्थ करतो. मूळ खोक्याची रचना जेम्स हार्वी याची. तो स्वतः अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकार होता आणि चरितार्थासाठी वेष्टनांचे आराखडे करी. त्याने पोटासाठी केलेले काम दालनात पोचले, ते दुसऱ्याच्या नावाने. पुढल्याच वर्षी, १९६५ साली, तो वारला.

पॉप आर्टने उच्च आणि लोकप्रिय यांमधली भिंत पाडली, असे आमचे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात, आणि ते खोटे नाही. पण पडलेल्या भिंतीवरून पलीकडे जाता आले ते सहीला. हार्वीची मजुरी अलीकडेच राहिली. एम.ए. होऊन जाहिरातसंस्थेत मजकूर लिहिणाऱ्या मुलामुलींविषयी स्टाफरूममध्ये हळहळ व्यक्त होते, तेव्हा आम्हांला हार्वी आठवतो. अरुण कोलटकरही जाहिरातीच्या क्षेत्रातच कलादिग्दर्शक होते. मात्र त्यांचे ते काम आम्ही चरित्राच्या तळटीपेत ठेवतो आणि कविता तेवढी अभ्यासक्रमात.

म्हणून ब्रिलोच्या खोक्याचे चित्र दाखवताना आम्ही फळ्यावर दोन नावे लिहितो. थट्टा की भलामण, हा वाद तासभर रंगतो, रंगू द्यावा. तास संपता संपता आम्ही एवढेच विचारतो : हा खोका कुणाचा?