विली मेज गेल्यानंतर

18 जून 2024 रोजी विली मेज वयाच्या 93व्या वर्षी गेला आणि बेसबॉलवेड्यांचा जुना वाद नव्याने पेटला. हयात असलेल्या निवृत्त खेळाडूंत सर्वांत थोर कोण? मेज होता तोवर या प्रश्नाला धार नव्हती. 1969मध्ये, व्यावसायिक बेसबॉलच्या शताब्दीला, मतदान होऊन हा मान जो डिमॅजिओला मिळाला. पुढची तीस वर्षं, अगदी मरेपर्यंत, समारंभात आपली ओळख त्याच शब्दांत करून दिली जावी असा त्याचा आग्रह असे. माझ्या लेखी मात्र तेव्हाही तो मान मेजचाच होता.

29 सप्टेंबर 1954चा त्याचा झेल सगळ्यांना पाठ आहे. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, आठवी इनिंग, 2-2 अशी बरोबरी, बेसवर दोन धावपटू. व्हिक वर्ट्झचा फटका मैदानाच्या पार टोकाकडे निघाला. मेज पाठमोरा धावत सुटला आणि खांद्यावरून येणारा चेंडू त्याने ग्लव्हमध्ये घेतला. लोक इथेच थांबतात. मला त्यापुढचा क्षण जास्त मोलाचा वाटतो. तो गर्रकन वळला, टोपी उडाली, आणि तोल जाता जाता त्याने चेंडू आत फेकला. दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूला तिसऱ्यापर्यंतच जाता आलं. धाव झाली नाही. झेल घेतानाच पुढचं सगळं त्याच्या डोक्यात तयार होतं.

आता मेज नाही, आणि आकडे एकच नाव सांगतात: बॅरी बाँड्स. 762 होमरन, सात वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. 2004मध्ये प्रतिस्पर्ध्यांनी त्याला 120 वेळा मुद्दाम खेळण्याजोगा चेंडू न देता पहिल्या बेसवर जाऊ दिलं. त्याच्याशी लढण्यापेक्षा बेस फुकट दिलेला परवडला. मेज त्याचा धर्मपिता. पण स्टेरॉइडच्या संशयामुळे दहा वर्षं मतदान होऊनही हॉल ऑफ फेमचं दार त्याला उघडलं नाही. स्टेरॉइडच्या आधीही तो अफाट होता, हे मला मान्य आहे. तरी हँक ॲरनने धमक्यांची पत्रं झेलत 755पर्यंत नेलेला विक्रम त्याने ज्या रीतीने मोडला, ती माझ्या गळी उतरत नाही.

माझं मत सँडी कूफॅक्सला. ब्रुकलिनचा हा डावखुरा पिचर 1935चा. 9 सप्टेंबर 1965 रोजी त्याने शिकागो कब्जविरुद्ध परफेक्ट गेम टाकला: 27 बॅटर आले आणि 27 परतले, पहिल्या बेसवर कुणाचंच पाऊल पडलं नाही. शेवटचे सहाही स्ट्राइकआउट. त्या रात्री त्याच्या डॉजर्सना उभ्या सामन्यात एकच हिट मिळाला होता. म्हणजे त्याला एक चूकही परवडणार नव्हती. महिनाभरात वर्ल्ड सिरीज आली. पहिला सामना योम किप्पूरच्या दिवशी होता, म्हणून हा ज्यू खेळाडू मैदानात उतरलाच नाही. सातव्या सामन्याला तो फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर उभा राहिला. कर्व्ह बॉल त्या दिवशी वळेना, तेव्हा निव्वळ फास्टबॉलवर त्याने मिनेसोटाला 2-0 असं रोखलं.

यावर आक्षेप ठरलेला: त्याची खरी बहराची वर्षं पाच-सहाच. खरं आहे. डाव्या कोपराला संधिवात झाला होता. प्रत्येक सामन्यानंतर तो हात बर्फाच्या पाण्यात बुडवून बसायचा. 1966मध्ये 27 सामने जिंकून, तिसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला. पुढे बरंच आयुष्य आहे आणि ते धड शरीराने जगायचं आहे, असं त्याने पत्रकारांना सांगितलं. दीर्घ कारकिर्दीची थोरवी मी मानतो, ॲरनपुढे तर हात जोडतो. पण निर्णायक सामन्यात एकाच पिचरच्या हाती चेंडू द्यायचा झाला तर कुणाच्या, असं आज कुणी विचारलं, तर दुसरं नाव मला सुचत नाही.