कमलनगरची प्रार्थना आणि वसंत देसाई

उदगीर मागे पडले की बिदरकडे जाणारी रेल्वे थोड्याच वेळात कर्नाटकात शिरते आणि कमलनगर येते. राज्य बदलल्याचे नव्या माणसाला कळते ते पाटीवरच्या कन्नड अक्षरांवरून. बाकी काळी जमीन तीच, तुरीची रानेही तीच. गाडीतून उतरलेली बाई मुलाला मराठीत रागावते आणि पुढच्या क्षणी ऑटोवाल्याशी कन्नडमध्ये भाडे ठरवते. १९५६ पर्यंत ही हद्द नव्हतीच. हैदराबाद राज्यात उदगीर तालुका बिदर जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला उदगीर मुंबई राज्यात गेले आणि आपण म्हैसूर राज्यात आलो. सोयरिकी मात्र कोणी वाटून दिल्या नाहीत.

आता आपल्या पुष्कळ घरांत थोरला मराठी माध्यमात, तर धाकटी कन्नड माध्यमात असते. दोघांची पाठ्यपुस्तके वेगळी, कविता वेगळ्या. एकाला पाठ असलेले दुसऱ्याच्या कानावरही पडत नाही, याची रुखरुख आजी-आजोबांना असते. पण सकाळी शाळेवरून जाताना कधी थांबून ऐका. 'ऐ मालिक तेरे बंदे हम' ही प्रार्थना दोन्हीकडच्या मुलांना येते, तिकडे उदगीरच्या मुलांनाही येते. चाल कुणाची म्हणून वर्गात विचारले, की उत्तर येते, लता मंगेशकर! त्या गायिका. गीत भरत व्यासांचे आणि चाल वसंत देसाईंची. चित्रपट 'दो आँखें बारह हाथ', साल १९५७. म्हणजे आपली वाटणी झाल्यानंतरचे पुढचेच वर्ष.

देसाई मूळ कुडाळजवळच्या सोनवड्याचे, जन्म ९ जून १९१२ चा. कोवळ्या वयात कोल्हापूरला प्रभात कंपनीत शिरले आणि पडेल ते काम करीत गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव यांच्या हाताखाली शिकले. पुढे व्ही. शांताराम यांच्या राजकमलमध्ये 'शकुंतला', 'अमर भूपाळी', 'झनक झनक पायल बाजे' असे एकेक चित्रपट त्यांनी गाजवले. संतूर हे वाद्य हिंदी चित्रपटात ऐकू आले तेही 'झनक झनक'मुळे. ते वाजवणारे शिवकुमार शर्मा तेव्हा अगदी तरुण होते. अत्रे यांच्या 'श्यामची आई'चे संगीतही देसाईंचेच.

मोठा वाद्यवृंद हाताळणारे संगीतकार मुंबईत आणखीही होते. देसाईंचे वेगळेपण मला वाटते ते दुसऱ्याच गोष्टीत. ज्यांना गाता येत नाही अशांनाही ते गायला लावीत. शाळकरी मुलांना हजारोंच्या संख्येने उभे करून त्यांनी समूहगाने बसवली. अशा गाण्यात तानबाजी चालत नाही. ओळ एका दमात म्हणता आली पाहिजे, सूर फार वर जाता कामा नये, आणि मागच्या रांगेतला बेसूर मुलगाही त्यात सामावला पाहिजे. पेटीवर वाजवून पाहा, म्हणजे या प्रार्थनेची चाल किती जपून बांधली आहे ते कळेल. 'गुड्डी' (१९७१) मधली प्रार्थना केदार रागातली, पण म्हणणाऱ्या पोराला केदार माहीत असावा लागत नाही.

'गुड्डी'तली ती गायिका म्हणजे वेल्लोरच्या वाणी जयराम. पुढे कन्नड चित्रपटांत त्यांनी किती गाणी गायली, ते आपल्या घरच्या अक्कांना विचारावे. 'देव दीनाघरी धावला' या बाळ कोल्हटकरांच्या नाटकासाठी देसाईंनी त्यांना कुमार गंधर्वांबरोबर गायला बसवले. 'ऋणानुबंधाच्या' हे ते गाणे. कुमारजी बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ, घरची भाषा कन्नड. एक तमिळ घरातली, एक कन्नड घरातला आणि गाणे अस्सल मराठी! ते ऐकताना कुणाच्या मनात तरी हद्द येते का? 'गूंज उठी शहनाई'साठी (१९५९) देसाईंनी बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई घेतली. आपल्याकडच्यांना तीच सनई राजकुमारांच्या 'सनादी अप्पण्णा'त (१९७७) भेटली. त्याचे संगीत मात्र देसाईंचे नव्हे.

२३ ऑक्टोबर १९६६ रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी 'मैत्रीं भजत' गायले. शब्द कांचीच्या चंद्रशेखरेंद्र सरस्वतींचे, संस्कृत. चाल सोनवड्याच्या वसंत देसाईंची. दक्षिणेत हे गीत घरोघरी माहीत आहे. चाल मराठी माणसाची हे तिथे ठाऊक नसले तर नवल नाही, पण इथेही फारसे कुणाला ठाऊक नाही.

२२ डिसेंबर १९७५ ला मुंबईत लिफ्टच्या अपघातात ते गेले. वय ६३.

९ जूनपर्यंत आपल्याकडच्या शाळा उघडलेल्या असतात, उदगीरकडच्या बहुधा सुट्टीवरच. तेव्हा आरंभ आपणच करावा. त्या दिवशी प्रार्थना संपल्यावर मराठी शाळेत गुरुजींनी आणि कन्नड शाळेत मेष्ट्रांनी चाल कुणाची ते मुलांना सांगावे. दोन मिनिटे पुरतील.