वालधुनी, व्हाया डॉर्टमुंड

सोसायटीच्या सत्यनारायणाला माझा सत्कार झाला, शाल-श्रीफळासकट. अध्यक्षकाकांनी भाषणात थेट आनंदीबाई जोशींना गाठलं: कल्याणच्या मुलीने अमेरिका गाजवली, आता डोंबिवलीची मुलगी जर्मनी गाजवणार! आमच्या पट्ट्यातली कुठलीही मुलगी परदेशी निघाली की आनंदीबाईंची सुटका नसते. त्या १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, फिलाडेल्फियाची थंडी सोसून डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर काही महिन्यांतच गेल्या. मी परीक्षा आटोपून विमानाने जाणार आणि गणपतीच्या आत घरी परतणार. मान खाली घालून पेढा खाल्ला.

मला जर्मनीला नेणाऱ्या योजनेचं नाव ‘वाइज’. जर्मन शैक्षणिक विनिमय सेवा, म्हणजे सगळे जिला ‘डाड’ म्हणतात ती संस्था, भारतातल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन-तीन महिने तिथल्या प्रयोगशाळांत काम करायला बोलावते. खर्चाला दरमहा पैसे आणि प्रवासासाठी ठरावीक रक्कम मिळते. ही संस्था १९२५ साली हायडेलबर्गमधल्या एका विद्यार्थ्याच्या खटपटीतून उभी राहिली, आणि ‘विनिमय’ हा शब्द तिच्या नावातच आहे. ग्यानबाची मेख अशी की यजमान प्राध्यापक आपणच शोधायचा. मी माटुंग्याच्या आयसीटीत केमिकल इंजिनीअरिंगला. डोंबिवलीहून फास्ट पकडायची, दादरला उतरायचं, स्लोने एक स्टेशन मागे यायचं. या प्रवासात उभ्याउभ्या मी प्राध्यापकांची उत्तरं वाचायचे. बहुतेक नकारच असायचे, तेही फार सभ्य. शेवटी डॉर्टमुंडच्या तांत्रिक विद्यापीठातून होकार आला. काम होतं रंगाच्या सांडपाण्यातून रंग शोषून घेणाऱ्या कार्बनची पारख करण्याचं. ज्या डोंबिवलीत २०२० साली एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला होता, तिथल्या मुलीला याहून घरचा विषय कोणता मिळणार?

डॉर्टमुंड ऱ्हुर खोऱ्यात. भूगोलाच्या पुस्तकात कोळसा आणि पोलाद म्हणून पाठ केलेलं नाव. प्रत्यक्षात सगळीकडे झाडं, सायकली आणि फुटबॉल क्लबचे पिवळे-काळे झेंडे. पहिले दिवस नुसत्या सुरक्षेच्या शिकवणीत गेले. डोळे धुण्याचा नळ कुठे, कुठला कचरा कुठल्या डब्यात, कुठली बाटली कुठल्या कपाटात. प्रत्येक कागदावर सही. मला जांभया येत होत्या.

२३ मे २०२४, गुरुवार. सकाळी दहाच्या सुमाराला मी मेथिलीन ब्लूची द्रावणं करत होते, पाच फ्लास्क ओळीने. पहिल्यातून आरपार काही दिसत नव्हतं. पाचवा, निळीचं फडकं पिळलेल्या बादलीतल्या पाण्याइतका फिकट. कोटाच्या खिशात फोन थरथरत राहिला. डोंबिवलीत तेव्हा दुपारचे पावणेदोन झाले होते. कॉरिडॉरमध्ये जाऊन पाहिलं तर घरच्या ग्रुपवर आधी काळ्या धुराचा व्हिडिओ, मग आईचा निरोप: ‘आम्ही बरे आहोत. हॉलच्या काचा गेल्या. बाबा ऑफिसात.’ एमआयडीसीच्या फेज दोनमध्ये एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला होता. २०१६ च्या मे महिन्यातही असाच झाला होता. तेव्हा मी शाळेत होते आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणींबरोबर फुटलेल्या काचा मोजत हिंडले होते. या वेळीही माणसं गेली, आणि पुढचे कित्येक दिवस बेपत्ता कामगारांचे नातेवाईक हॉस्पिटलच्या दारात बसून होते, हे मी परक्या गावात फोनवर वाचत राहिले.

माझ्यावर देखरेख करणारी पीएचडीची मुलगी मागोमाग बाहेर आली. घर किती लांब आहे, हे तिने आधी विचारलं. मग विचारलं, ‘त्या रिअ‍ॅक्टरमध्ये काय होतं?’ मला माहीत नव्हतं. आईला माहीत नव्हतं. आमच्या इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं, कारण शेजारच्या शेडमध्ये काय शिजतं ते विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. वास आला की खिडकी लावायची, एवढंच. ती म्हणाली, आमच्याकडे असा कारखाना शेजारी असेल तर तिथे काय आहे आणि भोंगा वाजला तर काय करायचं, हे आसपासच्या लोकांना आधीच कळवावं लागतं. १९७६ साली इटलीत सेवेसोला विषारी ढग पसरला, त्यानंतरचा हा युरोपीय कायदा. त्या रात्री मी खोलीवर आमचे नियम शोधून वाचले. भोपाळनंतर १९८९ साली घातक रसायनांसाठी केलेल्या नियमांत कारखान्याभोवतीच्या लोकांना माहिती द्यावी, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. जवळजवळ तेच. केमिकल इंजिनीअरिंगची तीन वर्षं झाली होती आणि हा नियम मी पहिल्यांदा डॉर्टमुंडमध्ये उघडला.

पुढच्या एका शनिवारी ती पीएचडीची मुलगी मला तिच्या आजोबांकडे घेऊन गेली. आजोबा पोलाद कारखान्यातले निवृत्त कामगार. आम्ही ह्योर्ड भागातल्या फिनिक्स तलावाकाठी फिरलो. शिडाच्या होड्या, काठाने महागडे बंगले. इथेच त्यांचा कारखाना होता. २००१ मध्ये तो बंद झाला, चिनी कंपनीने सुटा करून बोटीने चीनला नेला, आणि २०१० पासून त्या खड्ड्यात पाणी भरलं. तलावाला खेटून एक बारीकशी नदी वाहते, एम्शर. आजोबांच्या लहानपणी ती खालच्या अंगाला उघडं गटार होती. काँक्रीटचे तिरके काठ, कुंपण, धोक्याच्या पाट्या. जवळ गेलं तरी मार बसायचा. खाणींमुळे जमीन खचत असे, जमिनीखालचे पाइप फुटले असते, म्हणून शंभर वर्षं सगळं सांडपाणी नदीतूनच वाहू दिलं. खाणी उत्तरेकडे सरकल्यावर १९९२ मध्ये काम सुरू झालं. डॉर्टमुंडपासून डिन्सलाकेनपर्यंत ५१ किलोमीटरची भूमिगत वाहिनी, पाच अब्ज युरोंहून जास्त खर्च, आणि २०२१ च्या अखेरीस एम्शर सांडपाण्यातून मुक्त झाली.

मग त्यांनी विचारलं, ‘तुमची नदी कुठली?’ मी बिलाच्या पाठीवर वालधुनी काढली. अंबरनाथचे डोंगर, काठावरचं १०६० सालचं शिवमंदिर, उल्हासनगर, कल्याण, पुढे उल्हासची खाडी. २०१४ मध्ये उल्हासनगरात टँकरमधून तिच्यात रसायन ओतलं गेलं आणि शेकडो माणसं दवाखान्यात पोचली, तेही सांगितलं. आजोबांना यात नवल काही वाटलं नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता: ‘पैसे कोण भरतं?’

एम्शरचं खरं इंगित मला त्या प्रश्नात दिसलं. १८९९ मध्ये तिथल्या खाणी, कारखाने आणि गावं यांचा मिळून एक संघ झाला, आणि १९०४ च्या कायद्याने त्याचं सदस्यत्व सक्तीचं झालं. जो घाण करतो तो सदस्य, आणि त्याने वर्गणी भरायची. एक नदी, एक वही. वालधुनीला अंबरनाथची नगरपालिका, उल्हासनगरची आणि कल्याण-डोंबिवलीची महापालिका, एमआयडीसी, प्रदूषण नियंत्रण मंडळ असे किती तरी पालक आहेत, आणि वनशक्तीसारख्या संस्थेला दाद मागायला हरित लवादाकडे जावं लागतं. सांडपाणी प्रक्रियेची यंत्रं आपल्याकडेही आहेत; ती डॉर्टमुंडहून आणायला नकोत.

एक सांस्कृतिक संध्याकाळही झाली. मी आईने दिलेल्या भाजणीची थालीपिठं लावली, लोकांनी केचपबरोबर खाल्ली, एका मुलाने बॉलीवूडवर नाचायला लावलं. मजा आली. अशा योजनांच्या माहितीपत्रकात फोटो छापतात ते याच संध्याकाळींचे. आजोबांकडच्या दुपारचा फोटो कुणी छापणार नाही, पण देवाणघेवाण म्हणायची तर ती तिथेच झाली, आणि झाली ती घाणीची.

परत आल्यावर शाळेने नववी-दहावीपुढे बोलायला बोलावलं. अर्ज कसा करायचा, हे सगळ्यांनी विचारलं. एक गोष्ट सांगताना जीभ अडखळली: वाइजसाठी ठरावीक संस्थांचेच विद्यार्थी चालतात, आयआयटी, एनआयटी, आयसीटी अशा. कल्याणमधल्या साध्या कॉलेजात बीएस्सी करणारी, वालधुनीच्या काठी राहणारी मुलगी त्या यादीत बसत नाही, आणि मला वाटतं एम्शर बघायची गरज तिला माझ्याहून जास्त आहे.

माझी पीएचडीवाली आता डोंबिवलीला यायचं म्हणते, स्वखर्चाने. तिची सुट्टी ऑगस्टमध्ये, पण मी तिला फेब्रुवारीत बोलावलंय. पावसाळ्यात वालधुनी दुथडी भरून वाहते आणि कुठल्याही नदीसारखी दिसते. फेब्रुवारीत तिच्यात आपण ओततो तेवढंच असतं. आईने हॉलच्या काचा बदलून घेतल्यात आणि पाहुणीला तिखट किती चालतं, याची चौकशी सुरू केली आहे.