झाडाला बांधलेली सलाईन

२० फेब्रुवारी २०२४, माघ शुद्ध एकादशी. लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे हरिनाम सप्ताह चालू होता. रात्री भगर-आमटीचा प्रसाद झाला आणि थोड्याच वेळात सोमठाणा व खापरखेडच्या ग्रामस्थांना उलट्या-जुलाब सुरू झाले. शंभराहून अधिक रुग्ण त्या एका रात्री बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात आले. काहींना लोणार आणि मेहकरला न्यावे लागले. असे रुग्णालय सर्वसाधारणपणे तीस खाटांचे. जागा संपली तेव्हा रुग्णांना बाहेर जमिनीवर निजवले गेले, झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगल्या गेल्या.

ते छायाचित्र देशभर गेले आणि व्यवस्थेची लाज म्हणून पाहिले गेले. ती टीका खोटी नव्हती. परंतु सलाईन गुरुत्वाकर्षणाने वाहते. बाटली हाताच्या बरीच वर असली की झाले, मग ती लोखंडी स्टँडवर असो वा फांदीवर. खाटेवाचून उपचार थांबवायचा नाही, हा निर्णय त्या दोरीमागे होता.

अशा प्रसंगी डॉक्टर एक-दोनच असतात. रांग कोणी लावायची, हा प्रश्न मुख्यतः अनुभवी परिचारिकेपुढे येतो. जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. पण ओरडण्याइतके त्राण त्याच्यात शिल्लक आहे, हेही तिला कळते. कोपऱ्यात गप्प पडलेले मूल, खोल गेलेले डोळे, चिमटीत धरून सोडलेली त्वचा सावकाश पूर्ववत होणे, क्षीण नाडी, बराच वेळ लघवी न होणे, ही खरी धोक्याची चिन्हे. लहान मुले, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांच्यावर विशेष नजर. ज्याला पिता येते व पोटात टिकते, त्याला बहुधा सुईची गरजच नसते. गावातील प्रतिष्ठित माणसाला त्यासाठी थांबायला सांगणे, हे या कामातील सर्वांत अवघड वाक्य असावे.

उरलेले काम वाटून द्यावे लागते. क्षारसंजीवनीचे पाणी घोट-घोट पाजणे, बाटली संपत आली की हाक मारणे, उलट्या-जुलाब मोजणे हे नातेवाईक करू शकतात. शीर शोधून सुई टोचणे आणि कोणाला आधी घ्यायचे हे ठरवणे मात्र कोणाच्याही हाती देता येत नाही. पेढीवरची रीत याहून फारशी निराळी नाही. गल्ला मुनिमाकडे दिला तरी सायंकाळी रोकड जुळली की नाही, हे शेठजींनाच पाहावे लागते. काम सोपवता येते, जबाबदारी सोपवता येत नाही. इथे फरक एवढाच की चुकलेली बेरीज दुसऱ्या दिवशी दुरुस्त होत नाही.

१९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनाबीस यांच्यापुढे हेच संकट फार मोठ्या प्रमाणावर उभे होते. सलाईन संपत आले होते. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांचे द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि पाजण्याचे काम आप्तांवर सोपवले. पंचवीस-तीस टक्क्यांच्या घरातील मृत्युदर चार टक्क्यांच्या आत आला. प्रशिक्षित हात त्यामुळे अत्यवस्थ रुग्णांसाठी मोकळे राहिले.

जाता जाता, किराणा व्यवसायातील वाचकांसाठी एक गोष्ट. सोमठाण्याच्या प्रसादात नेमके काय बिघडले याचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु ओल लागलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि तिचे विष शिजवूनही जाईलच असे नाही. सुटी, जुनी भगर किंवा आधी दळून ठेवलेले पीठ उपवासाच्या दिवसांत विकणे टाळावे. एका पोत्याची बचत तीस खाटांना परवडत नाही.

दुसऱ्या दिवशी बहुतेक रुग्ण घरी परतले. छायाचित्रात झाडे दिसतात, दोऱ्या दिसतात, बाटल्या दिसतात. पहिली सुई कोणाला टोचायची, हे रात्री कोणी ठरवले, ते त्यात दिसत नाही.