एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

"आमच्या घराण्यात गणित नाही," हे वाक्य मी आजवर अशा ऐटीत उच्चारीत आलो, की जणू घराण्यात मधुमेहच नाही! मराठीच्या प्राध्यापकाला ते शोभतेही. पण सहामाहीनंतर सातवीतल्या आमच्या कन्येने १०० पैकी २९ गुणांची उत्तरपत्रिका पुढे धरली आणि शांतपणे म्हणाली, "सही करा बाबा. आपल्या घराण्यात गणित नाहीच ना?"

सही करताना माझा हात जड झाला.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या एका सहकाऱ्यांपुढे गाऱ्हाणे मांडले. त्यांनी चहाच्या बिलाच्या कोऱ्या बाजूवर दोन-तीन ओळी खरडून दिल्या. पहिली ओळ : १४२८५७. दोनाने गुणा, तिनाने गुणा.

रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही बापलेक बसलो. दोनाने २८५७१४, तिनाने ४२८५७१. "बाबा, आकडे तेच आहेत! नुसते फिरलेत!" चाराने, पाचाने, सहाने गुणले तरी तेच. मंगळागौरीच्या फेरात मुली हात न सोडता फिरतात आणि आपल्यासमोर दर वेळी निराळी येते, तसे. साताने गुणले मात्र, आणि सगळे नऊ : ९९९९९९!

दुसऱ्या ओळीत या संख्येचा वर्ग होता : २०४०८१२२४४९. तो तोडून २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज केली, तर पुन्हा १४२८५७. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) हे देवळालीचे शाळामास्तर. गणिताची पदव्युत्तर पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे त्यांचे नाव जगभर झाले. हे मुलीला सांगताना एम.ए. झालेला मी जरा खालीच पाहत होतो.

"पण असे होते का?"

एरवी मी एखादे सुभाषित फेकून वेळ मारून नेली असती. म्हटले, "मला नाही माहीत, बाळ."

बिलावर शेवटची ओळ उरली होती : एकाला साताने भागा. ती भागू लागली. भागाकारात तोच १४२८५७ उमटत होता. पण तिचे लक्ष बाकीकडे. बाकी ३, मग २, ६, ४, ५, १. "साताने भागल्यावर बाकी सहाच प्रकारची उरणार ना? त्या सगळ्या येऊन गेल्या, आता पुन्हा पहिल्यापासून! आणि तिनाला साताने भागले, तर याच फेरात मधूनच शिरायचे!"

मला हे समजायला आणखी दहा मिनिटे लागली. तिने ती दिली.

मग तिने तेराने भागून पाहिले : ०७६९२३. त्याची दुप्पट केली, तर १५३८४६. फेर मोडला! तिचे तोंड उतरले. पण पाटी पुसावी तसे पान उलटून तिने सतराला हात घातला.

साडेअकराला मी दिवा मालवायला गेलो, तेव्हा ती चौदाव्या आकड्यावर होती.

"थांबा हो बाबा. अजून एकही बाकी परत आलेली नाही."