खांदेरीची रसद

ज्या घरांत सात पिढ्यांत कोणास समुद्राचें दर्शन घडलें नव्हतें, त्या घरच्या मुलास दर्यावर्दी व्हावयाची इच्छा कशी उपजावी, ह्याचें आश्चर्य आमच्या माणसांच्या मनांतून अद्यापि ओसरलेलें नाहीं. वडीगोद्री हें आमचें गांव, अंबड तालुक्यांतलें. जालन्याहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचें. दक्षिणेस शहागडाजवळ गोदावरी वाहते. उसाचे फड, मोसंबीच्या बागा, कपाशीचीं शेतें आणि पावसानें दगा दिला कीं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या घागरी, एवढें आमचें जग. जलचरांशीं आमचा संबंध इतकाच, कीं अंबडच्या टेकडीवर जी देवी बसली आहे तिचें नांव मत्स्योदरी आहे!

असें असतां, गतवर्षीं आमच्या ज्येष्ठ बंधूंच्या धाकट्या चिरंजीवानें व्यापारी जहाजावरील शिक्षणाचा अर्ज घरांत आणून ठेविला आणि वाड्यांत एकच खळबळ उडाली. मातोश्रींस त्यांच्या आजोळची गोष्ट आठवली. तेथें परदेशाहून आलेल्या एका आप्तास प्रायश्चित्त घेतल्यावांचून पंक्तीस बसतां आलें नव्हतें. वहिनींची भीति मात्र जुन्या काळची नव्हती. मार्च २०२४ मध्यें एडनच्या आखातांत एका मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र येऊन आदळलें, तिघे खलाशी मृत्यु पावले आणि भारतीय नौदलाच्या 'कोलकाता' ह्या नौकेनें एकवीस जणांस वांचविलें. त्यांत एक आपल्या देशाचा होता. ही बातमी वहिनींच्या मनांतून जाईना. "भाऊजी, शेतांत राबूं द्या, दुकान घालूं द्या, पण जेथें हांक मारली तर ऐकूं यायची नाहीं, तेथें नको," असें त्या आम्हांस म्हणाल्या. शेवटीं दादांनीं निकाल दिला: "त्याला एकदां समुद्र दाखवून आण. मग ठरवूं."

समुद्र दाखवावयाचा तर कोठें, ह्याचा आम्हांस फार विचार करावा लागला नाहीं. आमच्या जिल्ह्याच्या इतिहासांत एक धागा असा आहे, कीं त्याचें दुसरें टोंक खांदेरीच्या बेटास बांधलेलें आहे. नोव्हेंबर १६७९ मध्यें शिवाजी महाराज स्वतः फौजेनिशीं जालन्यावर चालून आले. विजापुरास दिलेरखान भिडला होता. मोगली मुलखांत धामधूम उडवून त्याचा जोर कमी करावा, हा ह्या स्वारीचा हेतु. चार दिवस जालन्याची पेठ लुटली गेली. परततांना संगमनेरच्या बाजूस रणमस्तखानानें गांठलें, सिधोजी निंबाळकर धारातीर्थीं पडले आणि बहिर्जी नाइकानें आडवाटेनें महाराजांस पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोंचविलें. तोच पुढें विश्रामगड झाला. ही कथा आमच्याकडे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. परंतु त्याच महिन्यांत, तीनशे किलोमीटरांहून दूर, मूठभर माणसें भर समुद्रांत एका खडकावर धनी परमुलखांत असतांना त्याचा शब्द राखीत बसलीं होतीं, हें कितीजणांस ठाऊक असेल?

पौषांतल्या एका रात्रीं जालन्याहून आगगाडीनें आम्ही निघालों. मुंबईहून बोटीनें मांडव्यास आणि तेथून थळास पोंचलों. थळ हा कोळ्यांचा गांव. येथेंच खताचा मोठा कारखाना आहे. येथें तयार होणारा युरिया मराठवाड्यांतल्या शेतकऱ्याच्या चांगल्या परिचयाचा. धक्क्यावर एका वयोवृद्ध तांडेलाची यांत्रिक होडी ठरविली. पुतण्या नाळेवर जाऊन बसला, तो उतरेपर्यंत तेथून हालला नाहीं. आमची अवस्था मात्र निराळी होती. प्रथम भेटीचा सागर आम्हांस मानवला नाहीं, एवढेंच येथें नमूद करितों.

प्रथम उजवीकडे उंदेरी लागते. ती लहान व किनाऱ्यास जवळ. पुढें, थळापासून सुमारें पांच किलोमीटरांवर, दोन टेकड्यांची खांदेरी. दक्षिणेकडील उंच टेकडीवर १८६७ मध्यें बांधलेलें दीपगृह उभें आहे. खालीं वेताळाचें देऊळ असून कोळी लोकांची त्यावर मोठी श्रद्धा आहे. एका खडकावर दगड मारला असतां भांड्यासारखा नाद निघतो. पुतण्यानें तो चार वेळां ऐकला. तटाच्या बाहेर ओबडधोबड शिळांचा खच पडला आहे. तटावर चढून उत्तरेस पाहिलें म्हणजे ह्या बेटाचें मर्म तत्काळ ध्यानांत येतें. मुंबई येथून जेमतेम वीस किलोमीटर. बंदरांत शिरणारें प्रत्येक जहाज येथील पहारेकऱ्याच्या नजरेखालून जावयाचें. जंजिऱ्याचा सिद्दी पावसाळ्यांत आपलें आरमार मुंबईच्या आश्रयास ठेवी आणि उघाड पडतांच कोंकणपट्टी जाळीत सुटे. त्याच्या वाटेवर पहारा बसवावा म्हणून महाराजांनीं ही जागा हेरली.

ऑगस्ट १६७९ च्या अखेरीस मायनाक भंडारी दीडशे माणसें व चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि तटाचें काम सुरू झालें. इंग्रजांनीं बेट आपलें असल्याचें सांगून निघून जाण्याची ताकीद दिली. धन्याच्या आज्ञेवांचून हालणार नाहीं, असें मायनाकाचें उत्तर गेलें. मग मुंबईहून शिबाडें येऊन वाटा रोखूं लागलीं. सप्टेंबरांत थॉर्प नांवाच्या अधिकाऱ्यानें बेटावर उतरण्याचें धाडस केलें, त्यांत तो प्राणास मुकला. तेव्हां 'रिव्हेंज' हें लढाऊ जहाज, दोन गुराबा, शिबाडें आणि मचवे असा ताफा रिचर्ड केग्विन ह्याच्या हाताखालीं पहाऱ्यास बसला.

इंग्रजी जुन्या पंचांगाप्रमाणें १८ ऑक्टोबर रोजीं पहांटे दौलतखान मराठी गलबतांचा तांडा घेऊन ह्या ताफ्यावर तुटून पडला. इंग्रजांची 'डव्ह' नांवाची गुराब मराठ्यांनीं धरली व तिच्यावरील लोक सागरगडावर कैदेंत पाठविले. इतर लहान जहाजांनीं पळ काढला. परंतु एकट्या 'रिव्हेंज'च्या तोफांपुढें मराठी गलबतें टिकलीं नाहींत. कांहीं बुडालीं, उरलेलीं नागोठण्याच्या खाडींत शिरलीं. उघड्या समुद्रांत, दिवसाउजेडीं, मोठ्या तोफांशीं लहान गलबतांचा निभाव लागत नाहीं, हें त्या दिवशीं सिद्ध झालें. युद्धाचा हिशेब एवढाच असता, तर खांदेरी गेलीच होती.

परंतु ती गेली नाहीं, आणि ह्याचें कारण आम्हांस ग्रंथांपेक्षां त्या तांडेलानें अधिक चांगलें समजावून दिलें. उंदेरी आणि किनारा ह्यांच्या मधलें पाणी ओहोटीस उथळ होतें. खोल बुडाचें जहाज तेथें आणलें तर रुतावयाचें. शिवाय शिडाचें जहाज वाऱ्याचें बांधील; वारा पडला कीं तें जागचें हालत नाहीं. उलट, सपाट बुडाची अरुंद होडी वल्ह्यांवर चालते, तिला वाऱ्याची पर्वा नाहीं व पाणीही थोडें लागतें. काळोख्या रात्रीं, दिवा न लावतां, भरतीचा क्षण साधून ती निघाली तर पहारेकऱ्यास तिची चाहूलही लागत नाहीं. "रात्रीं डोळ्यांनीं नाय, पाण्याच्या आवाजावरनं खडक कळतो," असें म्हणून म्हाताऱ्यानें कानास हात लाविला.

मराठ्यांनीं नेमकें हेंच केलें. त्या पराभवानंतरही थळ-नागांवच्या किनाऱ्यावरून रात्रीं होड्या सुटत, इंग्रजांच्या पहाऱ्यांतून निसटून बेटास लागत आणि रसद पोंचवून माघारी येत. नोव्हेंबरांत सिद्दी कासम आपलें मोठें आरमार घेऊन आला व तोफांचा भडिमार करूं लागला, तरीही ही रहदारी पुरती बंद पडली नाहीं. इकडे इंग्रजांचा खर्च वाढत गेला, माणसें कंटाळलीं. वर सिद्दीनें बेट जिंकल्यास तो तें आपणांस देणार नाहीं, ही धास्ती निराळीच. अखेर १६८० च्या प्रारंभीं त्यांनीं महाराजांशीं सलोखा करून पहारा उठविला. सिद्दीनें जानेवारींत उंदेरी बळकावली व तेथें आपला तट घातला, हें शल्य मात्र उरलें. एप्रिलांत महाराजांनीं देह ठेविला. खांदेरी तेव्हां स्वराज्यांतच होती.

मायनाक भंडाऱ्याचें नांव इतिहासानें राखलें, ही त्याची कृपा. होड्या वल्हविणाऱ्यांपैकीं एकाचेंही नांव आज कोणी सांगूं शकत नाहीं. त्यांनीं तोफ डागली नाहीं, शत्रूचें निशाण हिरावलें नाहीं. पोतीं नेलीं आणि पहांटेपूर्वीं घरीं परतले. एखादी होडी परतली नसेल त्या रात्रीं थळच्या किनाऱ्यावर कोण जागत बसलें असेल, हा विचार तटावर उभे असतांना आमच्या मनांत आला आणि वहिनींची आठवण झाली. त्यांच्या भीतीस आजवर आम्ही अज्ञान समजत होतों, तें आमचें चुकलें. ती भीति खरी होती. साडेतीनशे वर्षांपूर्वींही ती खरीच असली पाहिजे. होड्या तरीही निघत होत्या, कारण पलीकडे माणसें उपाशी राहणार होतीं.

जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे जे बारा किल्ले नोंदले, त्यांत खांदेरीचा समावेश आहे. पाणबुडीसही हें नांव दिलेलें आहे. हें सर्व उचितच होय. परंतु समुद्रावरची कोंडी ही केवळ इतिहासाची गोष्ट नव्हे. २०२२ मध्यें युद्धामुळें काळ्या समुद्रांतील बंदरें अडलीं, तेव्हां आमच्या गांवच्या किराणा दुकानांत सूर्यफुलाचें तेल महागलें होतें. कोठल्या तरी समुद्रांत कोणी वाट अडविली, कीं समुद्र न पाहिलेल्या घरांतली फोडणी महागते. आणि कोणी तरी ती वाट चालूं ठेवितो, म्हणून आपल्या चुली पेटतात.

घरीं परतल्यावर मातोश्रींनीं सर्व हकीकत पुन्हां पुन्हां विचारून ऐकली. लढाईच्या वर्णनांत त्यांचें मन रमलें नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "त्या होड्यांतून नेत काय होते?"

"धान्य, दारूगोळा, लागेल तें," आम्ही सांगितलें.

"आणि ह्याच्या जहाजांतून?"

"गहूं, तेल, खत, कोळसा, जें भरतील तें, आजी," पुतण्या म्हणाला.

मातोश्री घटकाभर वाती वळीत राहिल्या. मग म्हणाल्या, "अन्न पोंचविणाऱ्यास प्रायश्चित्त कसलें?"

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं दादांनीं अर्जावर सही केली. पुढें चिरंजीव निघाला त्या दिवशीं वहिनींनीं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. प्रवास एका रात्रीचा होता. डबा आठ दिवस पुरेल एवढा होता. तो इतका कशास, असें घरांत कोणीही विचारलें नाहीं.