माळ्यावरची पेटी

यंदा गोरव्यातील आमच्या घरी दिवाळीच्या आधीच माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. न्यू जर्सीत राहणाऱ्या भाच्याला तिथल्या स्थलांतर न्यायालयाची नोटीस आली आहे. आपणांस हद्दपार का करू नये, हे त्याने तारखेस हजर राहून सांगावयाचे आहे.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यांत ३३ जण आपल्या गुजरातचे होते. ते वृत्त वाचून आम्ही हळहळलो होतो. पण ते दुःख दुसऱ्याच्या घरचे होते.

भाच्याने फोनवर सारे समजावले. तारीख चुकली तर गैरहजेरीतच हद्दपारीचा हुकूम होऊ शकतो. दुभाषी न्यायालय देते, वकील मात्र पदरमोड करूनच करावा लागतो. नोटिशीपूर्वीचे दहा वर्षांचे सलग वास्तव्य, सद्वर्तन, आणि तिथे जन्मलेल्या, तिथल्या नागरिक असलेल्या मुलीचे असाधारण हाल होतील, एवढे सिद्ध झाले तर न्यायाधीश हद्दपारी रद्द करू शकतात; करतीलच असे नाही.

प्रत्येक कागदास इंग्रजी भाषांतर हवे. गुजराती जन्मदाखल्यात वडिलांच्या नावापुढे ‘भाई’, शाळेच्या दाखल्यात ‘राव’. पिढ्यान्‌पिढ्या गायकवाडी मुलखात राहिलेल्या आम्हांस या दोहोंत कधी अंतर वाटले नव्हते. आता मनुष्य एकच, असे प्रतिज्ञापत्र करावे लागले.

मग वर्तणुकीचे पत्र. ताई आमच्याकडेच असते. ती म्हणाली, “माझ्या मुलाने कधीच काही चुकीचे केले नाही, असे लिही.”

भाचा म्हणाला, “नको मामा. व्हिसा संपल्यावरही मी राहिलो, हे त्यांच्या दप्तरी आहेच. आईने जे पाहिले तेवढेच लिहा.”

आमची लेखणी थबकली. व्हिसा संपत आला तेव्हा त्याने विचारले होते, “मामा, परत येऊ का?” “दम धर, निघेल काही मार्ग,” हे उत्तर आमचेच होते. भाचा अमेरिकेत असल्याचा तोरा चारचौघांत आम्हीही मिरवीत होतो.

त्या रात्री हे ताईला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग एवढेच म्हणाली, “दाखल्याची घडी जपून घाल, फाटेल.”

ज्यांची मुले परदेशी आहेत त्या वाचकांस एवढीच विनंती: दाखल्यांवरील नावे वेळीच तपासून घ्यावीत. आणि मुलाने ‘परत येऊ का’ असे विचारले, तर उत्तर देताना आपला तोरा बाजूस ठेवावा.